कृपादानाची पारख

लासलगावच्या बसस्थानकाबाहेरील भिंतीवर शिकवणी वर्ग, बी-बियाणे आणि द्राक्षबागेची औषधे यांच्या जाहिरातींची नेहमीच दाटी असते. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडी त्या दाटीत एक रंगीत पत्रक झळकले. तीन रात्रींची ख्रिस्ती प्रार्थनासभा, बाहेरगावाहून येणारे एक ‘अभिषिक्त सेवक’, आणि खाली बऱ्या होणाऱ्या व्याधींची यादी : मधुमेह, क्षय, फिट्स, संतती नसणे, कोर्टातील दावे. शेवटची बाब वाचून मला हसू आले, हे कबूल करतो. कोर्टातील दावा ही एक व्याधी आहे, याविषयी तालुक्याच्या भागात राहणाऱ्या माणसाचे दुमत होणार नाही. पुढे जे घडले ते मात्र हसण्यासारखे नव्हते.

आमच्या मंडळीतील एक वृद्ध विधवा तिन्ही रात्री त्या सभेला गेल्या. त्यांना आम्ही सारे मावशी म्हणतो. क्षयावरील त्यांच्या उपचारास तेव्हा सुमारे दोन महिने झाले होते. खोकला थांबला होता, ताप येत नव्हता, अन्नाला चव आली होती. तिसऱ्या रात्री व्यासपीठावरून घोषणा झाली की, सभेत क्षयाने पीडित अशी एक स्त्री आहे आणि ती या घटकेस बरी झाली आहे. मावशी उठून पुढे गेल्या, त्यांनी रडत रडत साक्ष दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद केल्या. मी त्यांना समजावण्यास गेलो तेव्हा त्यांनी मलाच विचारले, “सर, देवानं बरं केल्यावर गोळ्या खायच्या म्हणजे त्याच्यावर अविश्वासच की नाही?” या प्रश्नाला माझ्यापाशी त्या दिवशी उत्तर नव्हते. चार महिन्यांनी खोकला परतला. पुन्हा थुंकीची तपासणी, पुन्हा आरंभापासून उपचार, आणि या वेळी घरातल्या लहान नातवाचीही तपासणी.

क्षयावर किमान सहा महिने औषध घ्यावे लागते, आणि पहिल्या काही आठवड्यांतच रोग्याला बरे वाटू लागते. बरे वाटणे आणि बरे होणे यांत अनेक महिन्यांचे अंतर असते. औषध मध्येच सोडले तर रोग उलटतो, जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि घरातील इतरांनाही धोका पोहोचतो. त्या रात्री मावशींना खरोखरीच बरे वाटत होते. त्यांची साक्ष खोटी नव्हती. दोन महिन्यांच्या सरकारी गोळ्यांचे श्रेय एका रात्रीच्या प्रार्थनेच्या खाती जमा झाले, एवढेच काय ते घडले.

आमच्या मंडळीत याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. मीही काढले नाही. आमच्या मौनाची कारणे दोन होती आणि दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत. पहिले कारण भक्तीचे. पवित्र आत्म्याच्या कार्याला नावे ठेवणे हे अक्षम्य पाप, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तेव्हा खोट्याला खोटे म्हणण्याच्या नादात खऱ्याचा अपमान झाला तर काय, ही भीती. दुसरे कारण व्यावहारिक. आजच्या वातावरणात ख्रिस्ती प्रार्थनासभा म्हटले की अनेकांच्या भुवया उंचावतात. अशा वेळी आपल्याच घरातील दोष चार लोकांत बोलून टीकाकारांच्या हाती कोलीत का द्यावे? अल्पसंख्य समाजाची ही अडचण खरी आहे. परंतु तिचा परिणाम असा होतो की, बाहेरच्यांच्या टीकेला भिऊन आतली तपासणी थांबते आणि तिचे मोल मावशींसारख्यांना द्यावे लागते.

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने या प्रश्नात का पडावे, असे कोणी विचारील. लासलगावात राहणाऱ्याला पारख या शब्दाचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागत नाही, इतकेच माझे उत्तर आहे. आशियातील सर्वांत मोठी कांद्याची बाजारपेठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या येथील बाजार समितीत लिलावासाठी ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. व्यापारी वरचा लालबुंद, सुकलेला कांदा पाहून बोली बोलत नाही. तो हात खाली घालतो, तळातला कांदा काढतो, दाबून पाहतो. याचा शेतकऱ्याला राग येत नाही. ज्याचा माल चांगला असतो तो तर स्वतःच म्हणतो, “खालून बघा शेठ.” तपासणीस कोण तयार असतो आणि कोण तिच्या आड येतो, यावरून पुष्कळ काही कळते.

ख्रिस्ती धर्मशास्त्रात ‘कृपादान’ हा शब्द पौलाच्या पत्रांतून येतो. करिंथ हे समुद्री व्यापाराचे गजबजलेले शहर होते, आणि तेथील नव्या मंडळीत इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर याच विषयावरून गोंधळ माजला होता. कोणी अन्य भाषांत बोले, कोणी संदेश सांगे, आणि ज्याचे दान अधिक नेत्रदीपक तो स्वतःस अधिक आध्यात्मिक समजे. पौलाने त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात नऊ दानांची यादी आहे : ज्ञानाचे व विद्येचे वचन, विश्वास, रोग बरे करणे, अद्भुत कृत्ये, संदेश, आत्म्यांची पारख, अन्य भाषा आणि त्या भाषांचा अर्थ सांगणे. ही यादी अनेकदा व्यासपीठावरून वाचली जाते. तिची रचना मात्र क्वचितच कोणी लक्षात घेतो. संदेशाच्या लगोलग पारखीचे दान येते, आणि अन्य भाषांच्या लगोलग अर्थ सांगण्याचे. दान आणि त्याची तपासणी ही दोन्ही एकाच दात्याकडून, एकाच यादीत दिलेली आहेत. पारख करणारा हा आत्म्याच्या कार्यात आडवा येणारा अविश्वासू नव्हे. तोही दानाचाच धनी आहे. आणि हे दान संदेश सांगणाऱ्याने स्वतःच स्वतःवर वापरावयाचे नसून मंडळीने वापरावयाचे आहे.

चौदाव्या अध्यायात तर पौल एखाद्या सभाचालकाप्रमाणे नियमच घालून देतो. अन्य भाषांत बोलावयाचे तर दोघांनी, फार तर तिघांनी, तेही पाळीपाळीने. अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत गप्प बसावे. संदेश सांगणारे दोघे-तिघे बोलोत आणि इतरांनी त्याचा निर्णय करावा. थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिताना तो आत्म्याला विझवू नका असे बजावतो, आणि त्याच दमात सर्व गोष्टींची पारख करावयास सांगतो. आमची अडचण अशी की, आमच्यातील एक पक्ष यांतले पहिले वाक्य पाठ करतो आणि दुसरा पक्ष दुसरे.

हे झाले पहिल्या शतकातले. महाराष्ट्रात या प्रश्नाची खरी कसोटी लागली ती १९०५ साली, केडगावी. लासलगावहून मनमाडमार्गे दौंडला जावे आणि तेथून पुण्याची गाडी धरावी म्हणजे वाटेत केडगाव लागते. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन तेथे आहे. रमाबाई म्हटल्या की आपल्या डोळ्यांपुढे संस्कृत पंडिता, विधवांच्या कैवारी, ‘शारदा सदन’च्या संस्थापिका येतात. १९०५ च्या घटनेचा उल्लेख आपले चरित्रकार जरा संकोचानेच करतात, आणि तो संकोच मला समजतो. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्याच घटनेत अधिक शिकण्यासारखे आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणि १९०० च्या सुमारास गुजरातेतून निराधार मुली व स्त्रिया आणल्या. केडगावच्या माळावर वसलेल्या या वसाहतीची संख्या शतकाच्या आरंभी दोन हजारांच्या घरात गेली होती. १९०५ च्या प्रारंभी रमाबाईंनी आध्यात्मिक जागृतीसाठी रोज प्रार्थना करण्याचे आवाहन केले. आरंभी सत्तर जणी जमल्या, पुढे त्यांच्या शेकडो झाल्या. २९ जूनच्या पहाटे वसतिगृहात एका मुलीला आपल्या अंगात आग उतरल्याचा अनुभव आला. दुसरीला तिच्याभोवती ज्वाळा दिसल्या, म्हणून ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. पाहते तो काहीच पेटलेले नव्हते. हा वृत्तांत तेथे काम करणाऱ्या अमेरिकन मिशनरी मिनी एब्रम्स यांनी १९०६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आहे. पुढे मुली मोठमोठ्याने रडू लागल्या, पापे कबूल करू लागल्या, थरथरू लागल्या, जमिनीवर पडल्या, शेकडो जणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. काही दिवस नेहमीचे वर्ग बंद राहिले. यथावकाश अन्य भाषांत बोलण्याचे प्रकारही घडले.

आता हे खरे की खोटे? आपल्यासारख्या शिकलेल्या मंडळींचा पहिला कल हा सारा सामूहिक उन्माद होता असे म्हणण्याकडे असतो. दुष्काळाने होरपळलेल्या, आईबाप गमावलेल्या किशोरवयीन मुली, बंदिस्त वसाहत, महिनोन्‌महिने चाललेली अपेक्षा. स्पष्टीकरणास आणखी काय हवे? त्या काळच्या कित्येक युरोपीय मिशनऱ्यांनाही हा गोंगाट अशोभनीय वाटला. त्यांना रमाबाईंनी दिलेले उत्तर मननीय आहे. त्यांचे म्हणणे असे की, हिंदी माणसांत जागृती यावयाची तर ती हिंदी माणसांच्या स्वभावाला आणि भावनांना अनुसरून येईल. पाश्चात्यांची शिस्त म्हणजे पवित्र आत्म्याची शिस्त असे समजण्याचे कारण नाही. एका हिंदी स्त्रीने राज्यकर्त्यांच्या समाजाला दिलेले हे उत्तर आहे, आणि ते मला आजही पटते. आपणही हळू आवाजातल्या उपासनेला खरी आणि टाळ्यांच्या गजरातल्या उपासनेला खोटी ठरवितो, तेव्हा आपण आत्म्यांची पारख करीत नसून सामाजिक दर्जाची पारख करीत असतो. अमेरिकन धर्मपंडित जॉनथन एडवर्ड्स यांनी १७४१ मध्ये अशाच एका जागृतीविषयी बोलताना सांगितले होते की, अश्रू, किंकाळ्या, थरथर यांवरून काहीच सिद्ध होत नाही. कार्य खरे असल्याचेही नाही आणि खोटे असल्याचेही नाही.

दौंड येथे अनाथ मुलांची संस्था चालविणारे आल्बर्ट नॉर्टन यांनी लिहून ठेवले आहे की, मुक्तिसदनात मुलींच्या प्रार्थनेच्या वेळी जवळच कोणी तरी स्पष्ट इंग्रजीत प्रार्थना करीत असल्याचे त्यांनी ऐकले. ती मुलगी तर इंग्रजी बोलू शकत नव्हती. श्रद्धाळू याला चमत्कार म्हणतील. चिकित्सक म्हणेल की, ज्या वसाहतीत इंग्रजी बोलणाऱ्या बायका राहत होत्या आणि रोज मोठ्याने प्रार्थना करीत होत्या, तेथे ते शब्द मुलीच्या कानावरून गेलेच असतील आणि भावनेच्या भरात ओठांवर आले असतील. प्रस्तुत लेखकाला या वादाचा निर्णय करता येत नाही, आणि करण्याची गरजही वाटत नाही. कारण कृपादानाची कसोटी त्या खोलीत लागावयाची नव्हतीच. ती खोलीबाहेर, पुढच्या महिन्यांत आणि वर्षांत लागावयाची होती.

ती कशी लागली ते पाहण्यासारखे आहे. मुक्तिसदनातील कामे, म्हणजे शेती, विणकाम, दळणकांडण, छापखाना, अंध स्त्रियांचे शिक्षण, ही जागृतीनंतर ओस पडली नाहीत. प्रार्थना करणाऱ्या मुली टोळ्यांनी आसपासच्या गावांत जाऊ लागल्या. रोग्यांसाठी प्रार्थना केल्याबद्दल किंवा संदेश सांगितल्याबद्दल कोणाकडून शुल्क घेण्याचा प्रश्न नव्हता. संस्थेसाठी बाहेरून पैसा येई, पण तो झाकून ठेवला जात नसे. बोस्टन येथे १८८७ साली स्थापन झालेल्या अमेरिकन रमाबाई असोसिएशनच्या वार्षिक अहवालांत खजिनदाराचा हिशेब छापला जाई. आणि मुख्य म्हणजे, अन्य भाषांत बोलणे हे आत्म्याच्या आगमनाचे एक चिन्ह असू शकेल, ते एकमेव आणि अनिवार्य चिन्ह मात्र नव्हे, अशी भूमिका रमाबाईंनी घेतली. जगभरच्या नव्या चळवळीत तेच एकमेव चिन्ह, असा आग्रह धरणारे प्रबळ होत असताना त्यांनी ही भूमिका घेतली. ज्या संस्थेला या दानामुळे जगभर प्रसिद्धी मिळत होती, तिच्याच प्रमुखाने त्या दानाचा भाव वाढू दिला नाही. बाजार ओळखणाऱ्याला याचे मोल कळेल.

रमाबाई भोळ्या होत्या असे कोणास वाटत असेल तर त्यांनी त्यांचा पत्रव्यवहार चाळावा, अ. भि. शहा यांनी संपादित केलेला तो संग्रह १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. इंग्लंडमध्ये १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर ज्या वाँटेजच्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला, त्यांच्याशीच या बाईंनी धर्ममतांवर कसून वाद घातला. कोणी वडीलकीच्या अधिकाराने सांगते म्हणून मानावयाचे, हे त्यांच्या रक्तातच नव्हते. इकडे १८९३ मध्ये पुण्याच्या सुधारकांनी त्यांच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले, ‘केसरी’ने त्यांच्यावर आग पाखडली. दोन्हीकडून मार खाणाऱ्या या स्त्रीला घरातील दोष झाकून ठेवण्याचे निमित्त आमच्यापेक्षा कितीतरी अधिक होते.

याच काळातील दुसरे एक उदाहरण तुलनेसाठी उपयोगी पडेल. लॉस एंजेलिसमध्ये १९०६ साली अशीच जागृती झाली. तेथील आल्फ्रेड गार आणि त्यांची पत्नी लिलियन यांची अशी खात्री झाली की, आपल्याला आत्म्याने हिंदुस्थानची भाषा दिली आहे. ते १९०७ च्या सुमारास कलकत्त्यास आले. येथील माणसांना त्यांचे बोलणे कळेना. गार यांच्या प्रामाणिकपणाची तारीफ केली पाहिजे. आत्म्याने दिलेल्या भाषेत स्थानिक लोकांना उपदेश करू शकणारा कोणी आपण अद्याप पाहिलेला नाही, असे त्यांनी स्वतःच मान्य केले. माणूस सच्चा, दावा चुकीचा. हा भेद लक्षात ठेवला पाहिजे, कारण आपण खोटे दान म्हटले की लगेच लबाड मनुष्य डोळ्यांसमोर आणतो. सारेच लबाड असते तर पारखीचे काम फार सोपे झाले असते.

आणि त्याच सुमारास केडगावी रमाबाई काय करीत होत्या? त्या हिब्रू आणि ग्रीक शिकत होत्या. बायबलचे मूळ भाषांतून मराठीत, तेही अशिक्षित बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत, भाषांतर करण्याचे काम त्यांनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत केले. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले. १९२४ मध्ये संपूर्ण बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले, आणि त्याची जुळणी करणारे हात तेथील स्त्रियांचे होते. जिच्या अंगणात मुली न शिकलेल्या भाषा बोलत होत्या असे जग म्हणत होते, ती स्वतः मात्र उतारवयात व्याकरणाचे पाठ गिरवीत होती. शब्दकोशापाशी बसून काढलेल्या या वर्षांना कृपादान म्हणावयाचे की नाही? पौलाच्या याच बाराव्या अध्यायाच्या शेवटी दानांची आणखी एक यादी येते. तीत साहाय्य करणे आणि व्यवस्था पाहणे यांचाही समावेश आहे. पत्रकावर छापण्याजोगी ही दाने नव्हेत.

आता माझ्या विषयाकडे येतो. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक निबंध लिहिला. २००१ मध्ये त्याला मिळालेल्या नोबेल पारितोषिकामागे तो निबंध होता. मालाचा दर्जा विकणाऱ्यास ठाऊक असतो आणि घेणाऱ्यास नसतो, अशा बाजारात वाईट माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो, असा त्याचा थोडक्यात आशय. हुसकावणे घडते ते अशा रीतीने : फसवणुकीच्या भीतीने गिऱ्हाईक सर्वच मालाला कमी लेखते, मग चांगल्या मालाचा धनी बाजारात येईनासा होतो. आमच्या मंडळ्यांत मला नेमके हेच दिसते. गोंगाटाला विटलेले तरुण आता प्रार्थनेने काही घडते यावरच विश्वास ठेवीत नाहीत, आणि ज्यांच्यापाशी खरोखरी काही दिलासा देण्याजोगे आहे अशा शांत वृद्ध स्त्रिया संकोचाने मागे राहतात. खोट्याला मोकळीक दिल्याने खऱ्याचे संरक्षण होते, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

पण आरोग्यसभांचा व्यवहार जुन्या मोटारींहूनही विलक्षण आहे. मोटार बिघडली तर निदान विकणाऱ्याचे नाव खराब होते. येथे रोगी बरा झाला तर श्रेय सेवकाच्या अभिषेकाला, आणि रोग उलटला तर दोष रोग्याच्या अल्पविश्वासाला! मावशींचा खोकला परतल्यावर त्यांना कोणी तरी फोनवरून हेच सांगितले. नफा एकाच्या खाती आणि तोटा दुसऱ्याच्या, असे ज्या व्यवहारात आधीच ठरलेले असते, त्यात चूक कधी उघडकीसच येत नाही. महिनाभर मावशी रोगापेक्षा या वाक्याने अधिक खचल्या होत्या. औषधाने फुफ्फुस भरून येईल. ‘तुझा विश्वास कमी पडला’ हे वाक्य कोणत्या औषधाने निघेल, मला ठाऊक नाही.

या बाबतीत शुभवर्तमानांतील एक गोष्ट मला सारखी आठवते. लूकच्या शुभवर्तमानात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरे करतो आणि त्यांना सांगतो काय, तर जाऊन याजकाला दाखवा. मोशेच्या नियमशास्त्रात कुष्ठाची तपासणी करून मनुष्य शुद्ध झाला की नाही हे ठरविण्याचा अधिकार याजकाचा होता. आजच्या भाषेत, त्या काळी असलेल्या एकमेव तपासणी अधिकाऱ्याकडे त्याने त्यांना धाडले. मार्कच्या शुभवर्तमानात एका कुष्ठरोग्याला तर याजकाला दाखव आणि इतर कोणाला सांगू नकोस, अशी ताकीद आहे. म्हणजे तपासणी आधी. साक्ष मागाहून, किंवा मुळीच नाही. आमच्याकडे साक्ष त्याच रात्री ध्वनिक्षेपकावरून होते आणि तपासणीला अविश्वास म्हणतात. मावशींच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी सुचले नाही ते हे होते. थुंकी तपासून घेणे, डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत गोळ्या घेणे, हा अविश्वास नव्हे. कृपादान खरे असेल तर ते तपासणीने नाहीसे होत नाही.

पैशाविषयी प्राचीन मंडळी किती सावध होती, याचा एक मजेदार पुरावा ‘डिडाखे’ या ग्रीक पुस्तिकेत आहे. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी लिहिलेली ही पुस्तिका शतकानुशतके गडप होती. १८७३ मध्ये तिची प्रत कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली. गावोगाव हिंडणाऱ्या उपदेशकांविषयी तिच्यात नियम आहेत. पाहुण्याने एक दिवस राहावे, गरज पडल्यास दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना त्याने पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्याच्या आवेशात जेवणाची पंगत मांडावयास सांगून तीवर स्वतःच जेवला तर तोही खोटा! हे वाचताना वाटते की, लिहिणाऱ्याने असे दोन-चार पाहुणे पोसलेले असले पाहिजेत. त्याआधीच्या काळातील शिमोन जादूगाराची गोष्ट प्रेषितांच्या कृत्यांत आहे. त्याने पेत्रापुढे पैसे ठेवून आत्मा देण्याचे सामर्थ्य विकत मागितले आणि पेत्राने त्याला झिडकारले. शिमोनाला दान हवे होते ते गुंतवणूक म्हणून.

आपल्या मातीलाही ही चिकित्सा अपरिचित नाही. वाघावर बसून आलेल्या चांगदेवाची आख्यायिका प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक आहे. सिद्धींचा एवढा धनी शेवटी लहानग्या मुक्ताबाईचा शिष्य झाला, असेच परंपरेने सांगितले. वाघाची गोष्ट त्यापुढे गौण ठरली. आणि ढोंगी साधूंवर तुकोबांइतके कोरडे कोणी ओढले असतील असे मला वाटत नाही.

कायद्याने हा प्रश्न सुटेल काय? काही अंशी. १९५४ च्या केंद्रीय कायद्याने मधुमेह, कर्करोग यांसारख्या रोगांवर जादूचे उपाय करण्याच्या जाहिरातींना बंदी आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळविणे आणि लोकांना फसविणे त्याखाली गुन्हा आहे. पण तोच कायदा कोणाचे नुकसान न करणाऱ्या प्रार्थना-उपासनेला हात लावीत नाही, आणि ते योग्यच आहे. मावशींना कोणी गोळ्या सोडा असे स्पष्ट शब्दांत सांगितले नव्हते. पोलिसात देण्याजोगे तेथे काही नव्हते. जे होते ते मंडळीने पाहावयाचे होते.

मावशींचा दुसरा उपचार आता पुरा होत आला आहे. दर आठवड्याला आशाताई येतात, गोळ्यांची पाकिटे मोजून पाहतात, दोन शब्द बोलून जातात. मावशी त्यांना चहा पाजल्याशिवाय सोडीत नाहीत आणि त्या गेल्यावर त्यांच्यासाठी प्रार्थना करतात. नातवाच्या तपासणीत काही निघाले नाही.

गेल्या महिन्यात आमच्या पंचकमिटीच्या सभेत मी एक साधा ठराव मांडला. बाहेरून येणाऱ्या उपदेशकाला आधी लेखी विचारावे : सभेत जमलेल्या अर्पणाचा हिशेब मंडळीला दाखविणार काय, रोग बरा झाल्याची साक्ष डॉक्टरी तपासणीनंतरच देऊ देणार काय, चालू औषध सोडू नका, असे प्रत्येक सभेच्या आरंभी स्वतःच्या तोंडून सांगणार काय. चर्चा तासभर चालली. एक ज्येष्ठ पंच म्हणाले, “सर, असे विचारले तर कोणी येणारच नाही.” दुसरे म्हणाले की, रमाबाईंना कोणी असे विचारले असते तर त्यांना राग आला नसता. मागच्या बाकावर बसलेल्या मावशींना मत नव्हते, तरी त्यांनी हात वर केला. ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवला आहे.